चेंदानाची परमैसुरी

सुलतान वारले त्याला तिसरा दिवस लागला होता आणि त्यांना अजून माती दिली नव्हती.

आपल्याकडे मय्यत घरात ठेवत नाहीत. सकाळी गेलेलं माणूस असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाच्या, आत कबरस्तानात पोचतं. चेंदानातही साध्यासुध्या माणसाला हाच नियम होता. राजाला मात्र वेगळा. जुना राजा जमिनीत उतरण्याआधी नवा राजा गादीवर बसलेला हवा, राज्य एक दिवसही पोरकं राहता कामा नये, असा त्या मलायी राज्याचा रिवाज. एरवी हे काम दोन-चार तासांत उरकायचं. या खेपेला नवा राजा ठरतच नव्हता.

मी परमैसुरींच्या खोलीत कापूर कुटत बसले होते. परमैसुरी म्हणजे पट्टराणी. त्यांचं नाव सफूरा, सगळे त्यांना मानाने तुंकू म्हणत, वय चाळीस. तीन दिवसांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं आणि पाण्याशिवाय त्यांनी पोटात काही घेतलं नव्हतं.

"फार बारीक कुटू नकोस," त्या म्हणाल्या. "लवकर उडून जातो."

मी हात हळू केला. लाकडी भिंतीपलीकडून कुराण वाचण्याचा आवाज येत होता. धाकटे राजपुत्र, राजा कमर (तिथे राजघराण्यातल्या प्रत्येकाच्या नावामागे राजा लावतात), बापाच्या तिरडीपाशी तीन दिवस बसून होते. पंधरा वर्षांचं पोर. आवाज बसला होता, तरी थांबत नव्हतं.

मी तिथे कशी, ते आधी सांगते. आम्ही मूळचे कोकणातल्या बुरोंडीचे. माझे बाबा आगबोटीवर सारंग होते. ते पिनांगला उतरले आणि तिथून चेंदानाच्या सुलतानांच्या नावा सांभाळायला राहिले. माझी आई सुईण. मुलूख परका, पण नमाज तोच, शरीयतीचा शाफई पंथही तोच, नारळ आणि मासळीही तीच, त्यामुळे आम्ही तिथे लवकर रुळलो. पुढे तिथल्याच कोकणी सुताराशी माझं लग्न झालं. मी विशीत असताना सुलतानांना थोरला मुलगा झाला, राजा लतीफ. त्यांची आई राणी नव्हती. वरच्या नदीकाठच्या कुंभाराची मुलगी, मेलूर, राजवाड्यात आली होती आणि सुलतानांच्या मर्जीला उतरली होती. ती बाळंतपणात गेली. तेव्हा माझा युसूफ आठ महिन्यांचा होता, पेज खायला लागला होता, म्हणून मला दूध पाजायला आणलं. तेव्हापासून सगळं चेंदाना मला लतीफची दूधआई म्हणून ओळखायचं. मला राजवाड्यात खोली मिळाली. ईदला सुलतान स्वतः मला कापड द्यायचे. आणि लतीफ मला 'माक' म्हणायचा. माक म्हणजे आई. भर दरबारातसुद्धा तशीच हाक मारायचा. खरं सांगायचं तर मला खोलीपेक्षा, कापडापेक्षा त्या हाकेचं वेड होतं.

त्या दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. बावीस वर्षांचा, उन्हाने रापलेला.

"माक, तुंकूंनी काही खाल्लं का?"

"नाही रे."

तो आत येऊन परमैसुरींसमोर बसला. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. सावत्र आईशी तो कायम असा अदबीने वागायचा, हातभर अंतर राखून. त्याही राखायच्या.

"तुंकू, आठ सरदारांपैकी चार माझ्या बाजूने आहेत, चार कमरच्या. कोणी हलायला तयार नाही. कमरसाठी बुरहान मामांनी नदीच्या तोंडाशी लाकडी कोट उभारलाय, चाळीस बंदुका आहेत त्यांच्याकडे. इंग्रज साहेबाची बोट खाडीत उभी आहे. त्याने निरोप धाडलाय, उद्या जुम्म्याच्या नमाजापर्यंत तुमचं ठरलं नाही तर आम्ही ठरवू. मी आजच वरच्या नदीला निघून जातो. बाबांच्या जनाज्यावरून बंदुका चालायला नकोत."

"तू गेलास तर ते चार सरदार इथे बसून राहतील?"

लतीफने खाडीच्या दिशेने पाहिलं.

"ते तुझ्यामागे येतील. आज ना उद्या परत उतरतील, होड्या भरून. मग बंदुका चालतीलच, फक्त तुझे बाबा तेव्हा समोर नसतील."

"मग काय करू?"

"असरनंतर सभा आहे. तोवर थांब. आणि आंघोळ कर. तीन दिवसांचे कपडे आहेत अंगावर."

तो गेला. जाताना भिंतीपलीकडे थांबला असावा, कारण कमरचा आवाज थोडा वेळ बंद झाला आणि मग त्याच जागेवरून लतीफचा सुरू झाला. कमरला घटकाभर झोपायला पाठवून तो वाचायला बसला होता.

लतीफमध्ये खोट एवढीच होती, की त्याची आई कुंभारीण. आदल्या वर्षी पूर आला तेव्हा अकरा दिवस तो होडीतून उतरला नव्हता. वरच्या नदीची सात गावं त्याने उचलून टेकडीवर नेली, म्हाताऱ्या बायांना पाठुंगळी घेऊन. सुलतान थकल्यापासून कारभार तोच बघायचा. पण चेंदानाच्या रिवाजात वारसाची दोन लक्षणं सांगितलेली होती. त्याच्या अंगात सुलतानाचं रक्त हवं आणि त्याच्या पोटात परमैसुरीचं दूध हवं. रक्ताची ग्वाही सरदार देत. दुधाची ग्वाही परमैसुरीने भर सभेत स्वतः द्यायची. ती तिच्या मुलाचं नाव घेई, की सरदारांना तोंड उघडायला जागा उरत नसे. दोन पिढ्यांत एकेकच मुलगा असल्यामुळे हे नुसतं म्हणण्यापुरतं राहिलं होतं. आज त्यावरच सगळं अडलं होतं. त्या शब्दांचा अर्थ सगळे एकच धरायचे, की वारस राणीच्या पोटचा हवा.

लतीफ गेल्यावर राजा बुरहान आले. परमैसुरींचे सख्खे थोरले भाऊ. धिप्पाड माणूस, पण बोलणं फार मऊ. बहिणीसमोर मांडी घालून बसले.

"सफूरा, तुला बोलायचं जड जातंय, मला कळतं. पण एकच वाक्य बोलायचंय तुला. 'माझं दूध कमरने घेतलंय.' बस्. ते तू बोललीस की समोरचे चार सरदार गप्प बसतील, रिवाजापुढे कुणाचं चालत नाही. संध्याकाळच्या आत सुलतानांना माती मिळेल."

"कमर लहान आहे."

"मी आहे ना."

परमैसुरींनी भावाकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "तू आहेस."

बुरहान उठले. जाताना माझ्यापाशी थांबले. "दूधआई, तुझा लाडका उद्या इथे नसला तरी तुझी खोली जाणार नाही. माझा शब्द आहे."

मी मान खाली घातली. त्यांचा शब्द पाळण्यातला होता, हेही खरं.

ते गेल्यावर परमैसुरींनी कापराची वाटी जवळ ओढली. मग मध्येच त्यांनी विचारलं, "जैबुन, तुझी आई जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा, तुंकू."

"चांगली बाई होती."

एवढंच. पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, चल.

सभेची जागा म्हणजे खांबांवर उभारलेलं मोठं लाकडी दालन, तिन्ही बाजूंनी उघडं. तिथले लोक त्याला बालाई म्हणत. मधोमध पिवळ्या कापडाखाली सुलतानांची तिरडी. त्यामागे रिकामी गादी. डाव्या हाताला कमरच्या बाजूचे चार सरदार, उजव्या हाताला लतीफच्या बाजूचे चार. एका बाजूला नौबत वाजवणारे बसलेले, मांडीवर नगारे घेऊन. नौबत झडल्याशिवाय तिथे कुणी राजा होत नाही. मध्ये काझीसाहेब आणि त्यांच्या शेजारी बेंदाहारा, म्हणजे मुख्य प्रधान. सुलतान गेल्यापासून नव्याच्या नावाची द्वाही फिरेपर्यंत राज्य त्यांच्या हातात. सत्तरीचे गृहस्थ, कानांनी थोडे जड. कुणाच्याच बाजूचे नव्हते. तीन दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते.

लतीफ तिरडीच्या डोक्याशी उभा होता. कमर पायथ्याशी, आणि बुरहान त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

परमैसुरींसाठी झिरझिरीत पडदा लावला होता. त्या पडद्याआड बसल्या, मी त्यांच्या मागे.

बेंदाहारांनी रिवाजाचे शब्द उच्चारले. "चेंदानाच्या परमैसुरी, सुलतानांचं रक्त कुणाकुणात आहे ते आम्ही जाणतो. आपलं दूध कुणी घेतलंय ते सांगावं."

परमैसुरींनी हाताने पडदा बाजूला सारला.  पडदा सारल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"दोघांनी," त्या म्हणाल्या.

बेंदाहारांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ते पुढे वाकले. "आपण काय म्हणालात?"

"दोघांनी घेतलंय. आधी लतीफने. त्यानंतर सात वर्षांनी कमरने."

बुरहानचा हात कमरच्या खांद्यावरून खाली आला.

"सफूरा!"

"मला बोलू दे." त्यांचा आवाज चढला नाही. "बावीस वर्षांपूर्वी माझी पहिली मुलगी मेलेली जन्माला आली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर चार दिवसांनी मेलूर गेली, हेही ठाऊक आहे. मी अठरा वर्षांची होते. बाळंतिणीच्या खोलीत पडून होते, छातीला फडकं घट्ट बांधलेलं, दूध आटावं म्हणून. भिंतीपलीकडे तिचं मूल रडायचं. आठ दिवस मी ते ऐकलं. नवव्या दिवशी रडणं बारीक झालं. मी उठले, पलीकडे गेले आणि त्याला घेतलं."

"हे खोटं आहे," बुरहान म्हणाले. सरदारांकडे वळून म्हणाले, "दुःखाने तिचं डोकं ठिकाणावर नाही. अहो, लतीफला दूध कुणी पाजलं हे नदीतल्या माशांनाही माहीत आहे. ती बाई ती, मागे बसलीय!"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

"तेव्हा मी सांगितलं नाही," परमैसुरी पुढे म्हणाल्या, "कारण माझी आई होती. राजघराण्यातल्या, पांढऱ्या रक्ताच्या मुलीने कुंभारणीच्या मुलाला छातीशी धरलंय हे तिला कळलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी मूल नदीपार धाडलं असतं. मग लपवलं. पुढे लपवायची सवय झाली."

काझीसाहेबांनी घसा साफ केला. "तुंकू, आपल्याला कुणी साक्षीदार आहे?"

"एक होती. सुईण. ती सहा वर्षांपूर्वी वारली."

"आणखी कुणी?"

"नाही."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मान तसूभर हलवली नाही. मी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होते आणि त्या भर सभेत, तिरडीसमोर म्हणत होत्या, की आणखी कुणी नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुपारी आईचं का विचारलं ते. आईने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की हे कधी उघडकीला आलं तर माझ्या लेकीला यात ओढू नका. खोटी दूधआई म्हणून लोक तिच्या तोंडावर थुंकतील. मला स्वतः आईनेच हे सांगितलं होतं. आणि परमैसुरी ते वचन पाळत होत्या. त्यापायी सगळं राज्य हातचं जाईल हे दिसत असताना पाळत होत्या.

"साक्षीशिवाय याला काय अर्थ आहे?" डावीकडचा एक सरदार म्हणाला. बुरहानने कमरचा दंड धरून त्याला गादीकडे एक पाऊल पुढे आणलं.

मी लतीफकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला वाटत होतं, आता माक उठेल आणि म्हणेल की हा माझ्या दुधाचा आहे. दुसरं काय वाटणार त्याला? बावीस वर्षं मीच त्याला तसं सांगत आले होते.

मी उठून उभी राहिले. 

"काझीसाहेब, मी साक्षीदार आहे."

परमैसुरी गर्रकन वळल्या. "जैबुन, खाली बस!"

आयुष्यात मी त्यांचा हुकूम तेवढा एकदाच मोडला.

"मी लतीफला सात दिवस पाजलं," मी म्हणाले. "आठव्या दिवशी मला हिवताप आला. असा ताप, की दोन दिवसांत माझं दूध पार आटलं. दुसरी दाई मिळेना. याची आई भुताने नेली अशी वावडी उठली होती, कुठली बाई छातीला लावायला तयार नव्हती. माझी आई भाताच्या पेजेत फडकं बुडवून ते त्याच्या तोंडात धरायची, तो ओकून टाकायचा. नवव्या दिवशी भर दुपारी राजवाडा झोपलेला असताना दार लोटून तुंकू आल्या. भिंतीला धरून धरून आल्या. त्यांना उभंही राहवत नव्हतं. छातीचं फडकं त्यांनी स्वतः सोडलं आणि आईला म्हणाल्या, दे इकडे. मी बाजूच्या चटईवर तापात पडले होते, पण शुद्धीवर होते. मी पाहिलं."

"एकदा?" काझीसाहेबांनी विचारलं. "शरीयतीत पोटभर पाच वेळा पाजल्याशिवाय दुधाचं नातं होत नाही, हे तुला माहीत असेल."

"पाच?" मी म्हटलं. माझी भीती कुठे गेली कुणास ठाऊक. "काझीसाहेब, पाच तर दुसऱ्या दिवसापर्यंत झाले असतील. भुकेने मरायला टेकलेलं पोर होतं ते! त्याला दोन दात येईपर्यंत तुंकूंनी पाजलं. मी त्याला घेऊन त्यांच्या खोलीत जायचे, नजर लागते म्हणून दार लावून घ्यायचे आणि बाहेर आले की मीच पाजून आले असं दाखवायचे. सगळ्यांना वाटायचं दूध माझं."

बुरहान आता मऊ बोलत नव्हते. "म्हणजे बावीस वर्षं तू खोटेपणाने इथे राहिलीस. दूधआईच्या नावाने सुलतानांच्या हातून कापड घेतलंस. आणि आज तुझ्यावर विश्वास ठेवायचा?"

"हो, खोटेपणाने राहिले. माझी खोली घ्या. ईदची सगळी कापडं घेऊन जा, पेटीत घडी करून ठेवलीत. काही पदरात पडेल म्हणून मी हे सांगत नाही."

लतीफकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

बेंदाहारा काझींकडे वळले. "काय म्हणता?"

काझीसाहेबांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. "लग्नाचा सवाल असता तर मी चार बायांची साक्ष मागितली असती," ते म्हणाले. "इथे दोनच आहेत. पण एकीच्या शब्दाने तिच्या पोटच्या मुलाची गादी जातेय. दुसरीच्या शब्दाने तिची अब्रू, घर आणि मानलेला मुलगा जातोय. नुकसान करून घ्यायला दोन बाया एकदम खोटं बोलतील असं मला वाटत नाही. सरदारांनी आपलं काय ते ठरवावं."

बेंदाहारांनी आठही तोंडांकडे पाळीपाळीने पाहिलं. "रिवाजाचे शब्द मी मघाशी म्हटले," ते म्हणाले. "दूध कुणी घेतलं, असं विचारतात. पोटात कुणाला वाढवलं, असं नाही विचारत. आजवर आपण त्याचा तसा अर्थ घेत आलो. शब्द मात्र हेच आहेत, माझ्या आजोबांच्या तोंडूनही मी हेच ऐकलेत."

 चार सरदारांचे चेहरे उजळले होते आणि चार बुरहानकडे बघत होते. बुरहानने कमरचा दंड अजून सोडला नव्हता. दोन पावलांवर गादी होती. त्या वेळी त्यांनी त्याला उचलून वर बसवलं असतं तर बालाईतच रक्त सांडलं असतं, यात मला शंका नाही. खालच्या पायऱ्यांवर दोन्हीकडची माणसं क्रिस खंजिरांच्या मुठीवर हात ठेवून उभी होती.

कमरने आपला दंड मामाच्या हातातून सोडवून घेतला. ओढून वगैरे नाही. एकेक बोट उचलत सोडवला. तीन दिवसांच्या जागरणाने त्याचे डोळे लाल झाले होते. बापाच्या तिरडीला वळसा घालून तो लतीफसमोर आला, खाली बसला आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. एकदा, दोनदा, तीनदा. तीन वेळा फक्त सुलतानालाच करतात. मग त्याने मान वर केली आणि बसलेल्या आवाजात ओरडला, "दौलत तुआंकू!"

राजाच्या नावाचा तो जयजयकार. त्याच्या घशातून नीट फुटलासुद्धा नाही. पण नौबतवाल्या म्हाताऱ्याने तेवढ्यावरच नगाऱ्यावर टिपरू मारलं आणि मग आठही सरदार गुडघ्यांवर आले. डावीकडचा शेवटचा जरा वेळाने आला, पण आला. बुरहान सगळ्यांच्या मध्ये एकटे उभे राहिले होते. ते बहिणीकडे बघत होते. मग पायऱ्या उतरून निघून गेले. त्यानंतर त्यांनी बहिणीच्या दारात कधी पाऊल ठेवलं नाही, त्या वारल्या तेव्हाही नाही.

सूर्य बुडायच्या आत सुलतानांना माती दिली. नव्या सुलतानांनी पहिली मूठ टाकली, कमरने दुसरी. दुसऱ्या दिवशी इंग्रजांची बोट खाडीतून गेली.

मला कुणी काही म्हणालं नाही. खोली घ्यायलाही कुणी आलं नाही. मीच माझी पेटी उचलली आणि नदीकाठी युसूफकडे राहायला गेले. बाजारात बायका कुजबुजायच्या. एकीने तोंडावर विचारलं, इतकी वर्षं लाज नाही वाटली? मी म्हटलं, वाटायची. पण खरं दुखणं ते नव्हतं. त्या दिवसापासून लतीफने मला हाक मारली नव्हती. दफनाच्या वेळी माझ्या शेजारून गेला, खाली मान घालून. एकवीस दिवस गेले, तीस गेले. मी स्वतःला समजावलं, की आता तो सुलतान आहे, मी सुईणीची लेक आहे, आणि हेच बरोबर आहे.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी तो आला. छत्री नाही, बरोबर माणसं नाहीत. युसूफच्या सुतारकामाच्या पडवीत, लाकडाच्या भुशात, माझ्यासमोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा.

"मी त्यांना विचारलं," तो म्हणाला. "तुंकूंना. इतकी वर्षं मला दूर का ठेवलंत म्हणून. त्या म्हणाल्या, जवळ घेतलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

मी समोरचा भुसा हाताने सारत राहिले.

"मी फार रागावलो होतो तुझ्यावर."

"रागावणारच."

"सात दिवस तरी पाजलंस ना?"

"सात दिवस. पोटभर."

त्याने हिशेब केल्यासारखा चेहरा केला. "म्हणजे पाच वेळांपेक्षा जास्त झालं," तो म्हणाला. "काझींना विचारून आलोय. माक, उठ. उद्या चाळिसावा आहे, स्वयंपाकघरात कुणाचा कुणाला पायपोस नाही. चल घरी."

मी पदरात तोंड घालून किती वेळ रडले, मलाच माहीत नाही. युसूफ रंधा हातात घेऊन तसाच उभा होता.

चाळिसावा झाला. शेकडो माणसं जेवून गेली. दुपारनंतर राजवाड्यामागे नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर परमैसुरी आणि मी बसलो होतो. त्यांनी फणस मागवला होता, सुलतान गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी आवडीने खात होत्या. हाताला तेल लावून त्या गरे सोडवत होत्या, एक मला देत होत्या, एक स्वतः खात होत्या. समोर पाण्यात लतीफ आणि कमर एकाच होडीत बसले होते. आता लतीफ सुलतान असल्यामुळे वल्हं कमरच्या हातात होतं, आणि ते त्याला नीट जमत नव्हतं म्हणून लतीफ हसत होता.

मी तुंकूंकडे बघत होते. चाळीस दिवस सगळं चेंदाना एकच बोलत होतं, की असं मन कुठल्या बाईला झालं नाही आणि होणार नाही. वरच्या नदीच्या गावांतून बाया आपल्या मुलींची नावं सफूरा ठेवायला लागल्या होत्या. मलाही तसंच वाटत होतं. पण एक गोष्ट मला आत टोचत होती. शेवटी धीर केला.

"तुंकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी पडदा बाजूला केलात, तेव्हा कमरचं काही वाटलं नाही? पोटच्या पोराची गादी दुसऱ्याला देताना..."

त्यांनी हातातला गरा खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले होते.

"दुसऱ्याला कुठे दिली?" त्या म्हणाल्या. "थोरला असताना धाकट्याला कशी बसवणार, जैबुन?"

आणि गरा उचलून त्यातली बी काढायला लागल्या.